टिटवीचे घरचे खेळ

गल्लीत त्याला सगळे गादीवाला म्हणत आणि त्याच्या बायकोला बाई. त्याचं काम सोफे, खुर्च्या, गाद्या शिवायचं. तिचं काम शिशुवर्गातली मुलं सांभाळायचं. "माझ्याकडे आलेलं रडत तरी नाही," असं तो म्हणायचा. "तुमच्याकडे आलेलं वेळेवर परतही जात नाही," असं ती म्हणायची, आणि ते काही खोटं नव्हतं. पुढच्या खोलीत लोकांच्या उघड्यावाघड्या खुर्च्या महिना महिना उलट्या पडलेल्या असत. मागच्या खोलीत चूल, पलंग आणि गादीवाल्याची आई. एवढाच संसार.

लग्नाला बरीच वर्षं लोटली तरी पाळणा हलला नव्हता. दोघांनी तो विषयच बोलण्यातून काढून टाकला होता, आणि मग, कुणी वाट बघत नसताना, मुलगी झाली. वर्षाची झाली तशी बोलायला लागली आणि नंतर थांबेचना. सकाळी डोळे उघडायच्या आधी तोंड उघडायचं. बापाने तिला टिटवी म्हणायला सुरुवात केली.

"अरे, पोरीला कुणी टिटवी म्हणतं का?" आजी म्हणाली. "अशुभ पक्षी तो. ओरडला की काहीतरी वाईट होतं."

"ही तर दिवसभर ओरडते, आई. त्या हिशोबाने एव्हाना घर पडायला पाहिजे होतं."

आजी काही दिवस फुगून बसली आणि मग तीही टिटवीच म्हणायला लागली.

बाईच्या शाळेत एक रीत होती. दर आठवड्याला ती पालकांना घरी करून घ्यायचा एक खेळ सांगायची. खेळ म्हणजे काही महागामोलाचं नाही. एका पेल्यातलं पाणी न सांडता दुसऱ्या पेल्यात ओतायचं. धुतलेल्या मोज्यांच्या जोड्या लावायच्या. चिमट्याने कापसाचे बोळे उचलून वाटीत टाकायचे. डोळे मिटून वस्तू हाताने ओळखायची. पालकांना सांगण्याआधी प्रत्येक खेळ ती घरी टिटवीला देऊन बघायची. टिटवीला कंटाळा आला तर तो खेळ बाद.

गादीवाल्याला हे सगळं आधी थोतांड वाटायचं. "आम्हाला लहानपणी कुणी मोजे दिले नाहीत जोड्या लावायला. म्हणून काय आम्ही एका पायात लाल आणि एका पायात हिरवा घालून फिरतो?"

"फिरता," बाई म्हणाली आणि तिने त्याच्या पायांकडे बोट दाखवलं. टिटवी हसून हसून लोळली.

पण हळूहळू तोच त्यात अडकला. एका रविवारी त्याने प्लायवूडच्या फळीवर रेक्झिन चढवलं आणि त्यावर ओळीने एक बटण, एक हूक, एक चेन, एक बक्कल आणि एक नाडी बसवली. लावा, काढा, पुन्हा लावा. कडांना आतून फोम, कोपरे गोल, पोरीला लागू नये म्हणून खिळे खालच्या बाजूने. बाई ती फळी कितीतरी वेळ हातात घेऊन बघत राहिली. पुढच्या आठवड्यात शाळेतल्या दोन पालकांनी तशीच फळी करून मागितली, आणि गादीवाला बायकोसमोर जरा छाती काढून चालायला लागला.

मग त्याने चिंध्यांची पिशवी केली. मखमल, सॅटिन, गोणपाट, कॉर्डरॉय, खोटं चामडं, जाळीचं कापड, सगळ्यांचे तळहाताएवढे तुकडे. टिटवी डोळे मिटून पिशवीत हात घालायची आणि नावं सांगायची. कॉर्डरॉयला ती 'काड्राय' म्हणायची, पण ओळखण्यात चूक नाही. एकदा एक गिऱ्हाईक सोफ्याचं कापड निवडायला आलं. टिटवीने नमुन्यावरून बोटं फिरवली आणि म्हणाली, "काका, हे घेऊ नका. हे बसल्यावर टोचतं." गिऱ्हाइकाने ते कापड बाजूला ठेवलं. गादीवाल्याच्या घरात तोच गठ्ठा सगळ्यात जास्त पडून होता. पण रागवायचं कुणाला? पोरगी बोलून चालून त्याचीच शिष्य.

तिला चौथं लागायच्या सुमाराला पहिल्यांदा काहीतरी हललं. तेव्हा ते कुणाला कळलं नाही. पिशवीतून मखमलीचा तुकडा काढून ती म्हणाली, "हे ते... ते मऊ." नाव आठवेना. बापाने सांगितलं, तिने परत म्हटलं, झालं. लहान मूल आहे, विसरलं असेल. मग चेन लावता येईना. चेनीचं टोक खोबणीत बसवायचं तिला केव्हापासून जमत होतं. आता ती टोक धरायची आणि नुसतीच खाली ओढायची. बाईला वाटलं कंटाळली. मग वाटलं, मस्ती करते आहे.

"मुद्दाम करतेय ही," बाई म्हणाली. "काल केलंस ना? मग आज का नाही?"

टिटवीने आईकडे बघितलं, चेनीकडे बघितलं आणि फळी ढकलून दिली. रात्री जेवताना तिने पाण्याचं भांडं लवंडलं. दोन दिवसांनी चालता चालता उंबऱ्याला अडखळली, आणि नंतर जिथे उंबरा नव्हता तिथेही अडखळायला लागली.

"दृष्ट लागली," आजी म्हणाली. "एवढी हुशार पोर चारचौघांत मिरवायची नसते."

पुढच्या खोलीच्या कोपऱ्यात फोमच्या कातरणांचा ढीग असायचा. बाप आणि लेकीचा एक जुना खेळ होता. ती लांबून धावत यायची आणि त्या ढिगात स्वतःला झोकून द्यायची, मग तो ओरडायचा, "अरे, माझी टिटवी कुठे गेली?" आणि ती आतून खिदळत बाहेर यायची. त्या दुपारी तो एका आरामखुर्चीला कापड ताणून बसवत होता. ती ढिगाजवळ उभी होती, ती पडली. धावत आली नव्हती, तरी त्याने सवयीने म्हटलं, "अरे, माझी टिटवी कुठे गेली?" कातरणं थरथरायला लागली. तो हसला. त्याला वाटलं, ही नवीन गंमत आहे. कापडाची घडी पडू नये म्हणून त्याने हातातलं टोक आधी नीट अडकवलं आणि मग उठला. तोवरही थरथर थांबली नव्हती. त्याने कातरणं बाजूला केली तेव्हा तिचे डोळे वर गेले होते आणि ओठांच्या कडेला फेस होता.

ते हसू त्याला पुढे कायम आठवत राहिलं. बायकोला त्याने ते कधी सांगितलं नाही.

दवाखाने सुरू झाले. आधी गल्लीच्या टोकाचा, मग मोठा, मग त्याहून मोठा, जिथे माणूस आत शिरताच आवाज खाली आणतो. रक्त घेतलं, डोक्याला तारा लावल्या, डोळ्यांत दिवे मारले, आणि मग सगळे वाट बघायला बसले. शेवटी एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी दोघांना आत बोलावलं. टिटवी बाहेर आजीच्या मांडीवर होती. आजाराचं नाव लांबलचक होतं. गादीवाल्याला ते दुसऱ्यांदा विचारायचं धैर्य झालं नाही.

"मेंदूत रोज थोडा कचरा तयार होतो आणि रोज तो साफही होतो," डॉक्टर म्हणाले. "हिच्या मेंदूत तो साफ करणारी गोष्टच जन्मापासून नाही. साठत जातो. म्हणून शिकलेलं एकेक जातंय. बोलणं जाईल, चालणं जाईल. नजरही जाईल."

"आणि मग?" गादीवाल्याने विचारलं.

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "झटके कमी करायचं औषध देता येईल. आजार थांबवायचं माझ्याकडे काही नाही. उशीर झाला म्हणून नाही. तुम्ही आधी आला असतात तरी माझं उत्तर हेच असतं."

बाई पुढे सरकून बसली. "घरी काय करून घेऊ मी तिच्याकडून?"

"तिला जे आवडतं ते करा."

"ते आम्ही करतोच. पण नेमकं काय? हाताचे खेळ जास्त घेऊ की बोलण्याचे? सकाळी घेतले तर चालतील?"

डॉक्टरांनी सावकाश तेच वाक्य परत सांगितलं. तिला जे आवडतं ते करा. बाई मान हलवत उठली, जणू काही तिला उत्तर मिळालं होतं.

त्या दिवसानंतर घरात शाळा भरायला लागली. बाई शिशुवर्गातून आली की पदर खोचून टिटवीसमोर बसायची. पाणी ओतणं, मणी ओवणं, मोजे, चिमटे, फळी, पिशवी. एक झालं की दुसरं. टिटवी एखादी गोष्ट करायची, बऱ्याच करायची नाही. कधी रडायची, कधी बसल्या जागी झोपून जायची. आजी चुलीपासून बघायची आणि डोळे पुसायची. गादीवाला मशीन चालवायचा, पण टाके वाकडे पडायचे.

एका सकाळी त्याने फळी उचलली आणि रेक्झिनच्या उभ्या गुंडाळ्यांमागे लपवून ठेवली. संध्याकाळी बाईने सगळं घर उलटंपालटं केलं.

"फळी कुठे आहे?"

"मला काय माहीत?"

"तुमचे कान लाल झालेत. खोटं बोललात की होतात."

तो मशीनवरून उठला. "मीच ठेवली. तू त्या पोरीला रोज नापास करतेस, बाई. सकाळी नापास, संध्याकाळी नापास. तिला कळत नसेल असं वाटतं तुला? फळी दिसली की ती मान फिरवते."

"मग काय करू? हातावर हात ठेवून बसू?"

"बस ना. तिच्याजवळ नुसती बस."

"नुसतं बसायला मी काय दवाखान्यात भेटायला आलेली पाहुणी आहे?"

टिटवी आत पलंगावर झोपली होती. दोघांनी तिच्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. बाई उलट्या खुर्चीच्या कडेला टेकली.

"तुम्हाला वाटतं मी अजून आशा धरून बसलेय," ती म्हणाली. "नाही हो. डॉक्टरांचं बोलणं मला त्याच दिवशी कळलं. पण मूल एकेक पायरी कसं चढतं ते मला पाठ आहे. आधी मान धरतं. मग हात पुढे करतं, मुठीत पकडतं, मग चिमटीत. मग बोट दाखवतं, मग शब्द. इतकी वर्षं मी हेच बघत आलेय. ही त्याच जिन्याने खाली उतरतेय. पुढची पायरी कोणती जाणार ते मला आदल्या आठवड्यात दिसतं. तुम्हाला दिसत नाही, म्हणून तुम्ही सुखी आहात."

"मग कशाला बघतेस?"

"घरातून माणूस निघालं तर आपण दारापर्यंत जातो की नाही पोचवायला? तेवढं तरी करू द्या."

गादीवाला कोपऱ्याकडे गेला. त्याने गुंडाळ्यांमागून फळी काढली, तिच्यावरची धूळ बाहीने पुसली आणि बायकोच्या मांडीवर ठेवली.

पुढे तो स्वतःच फळी बदलत गेला. चेन निघाली, नाडी निघाली. लहान बटणाच्या जागी मोठं आलं, मोठ्याच्या जागी नुसतं कापडाचं कडं आलं, की त्यात बोट घातलं तरी पुरे. शेवटी फक्त वेल्क्रोची चिकटपट्टी राहिली, ती चर्र आवाज करत सुटणारी. तो आवाज टिटवीला फार आवडला. बाप तिचा हात धरून पट्टी ओढायचा, चर्र व्हायचं, आणि ती हसायची. शब्द बहुतेक गेले होते, पण हसू होतं. त्या दिवसांत पुढच्या खोलीत इतक्या वेळा चर्र चर्र व्हायचं की शेजारच्याने येऊन विचारलं, "काय फाडताय एवढं?"

"नशीब," गादीवाला म्हणाला, आणि शेजाऱ्याला हसावं की नाही ते कळेना.

शाळेतल्या मोठ्या बाईंना सगळं ठाऊक होतं. त्या समजूतदार होत्या. बाईला उशिरा ये, लवकर जा म्हणायच्या. तरी वर्षाच्या मध्याला पालकसभा आली, आणि घरचे खेळ समजावून सांगायचं काम बाईशिवाय कोण करणार? गादीवाल्याने शाळेसाठी बसकरं शिवली होती. ती पोचवायला तो गेला आणि सभा सुरू झाली म्हणून गठ्ठा हातात धरून दाराशीच उभा राहिला. आईबाप मुलांच्या बुटक्या खुर्च्यांवर गुडघे पोटाशी घेऊन बसले होते. बाई दोन पेले घेऊन पाणी ओतून दाखवत होती. मनगट कसं वळतं, त्याने पुढे पेन्सिल धरणं कसं सोपं जातं, सगळं नेहमीसारखं नीट सांगत होती. तिचा आवाज ऐकून गादीवाल्याला क्षणभर वाटलं की घरी सगळं ठीक आहे.

पुढच्या ओळीतला एक तरुण बाप म्हणाला, "बाई, एक विचारू? हे सगळं घरी नेमाने केलं, तर मूल पुढे जातंच ना?"

साधा प्रश्न होता. दरवर्षी कुणीतरी विचारायचंच. बाई पेला धरून उभी राहिली.

"जातं," ती म्हणाली. "जाणारं असलं की जातं."

दोघंतिघं हसले, त्यांना वाटलं बाईंनी विनोद केला. बाईने पेला खाली ठेवला. मग दुसराही ठेवला. सांडलेलं पाणी फडक्याने पुसलं, फडकं पिळून दांडीवर वाळत टाकलं आणि दाराकडे आली. गादीवाल्याने बाजूला होऊन वाट दिली. मोठ्या बाई उठून सभा पुढे चालवायला लागल्या.

रस्त्यात बाई म्हणाली, "उद्यापासून मी यायची नाही."

"मोठ्या बाईंना सांगितलंस?"

"तुम्ही सांगा."

त्याने सांगितलं. मोठ्या बाई म्हणाल्या की तिची जागा आहे तशीच राहील, वाटेल तेव्हा येऊ दे. गादीवाल्याला त्यांचे पाय धरावेसे वाटले, पण त्याने फक्त बसकरं मोजून दिली आणि निघाला.

टिटवी बसायची बंद झाली, म्हणजे बसवलं तरी घसरायला लागली. तेव्हा गादीवाल्याने तिच्यासाठी खुर्ची केली. खाली कडक फोम, वर मऊ, दोन्ही कुशींना टेकण, पायांच्या मध्ये उंचवटा, म्हणजे सरकायला नको. छातीवर रुंद पट्टा, त्याला आतून मखमल, काचू नये म्हणून. आयुष्यात त्याने एवढं चांगलं काम केलं नव्हतं. पण पोरीचं अंग बदलत राहिलं. मान एका बाजूला कलायला लागली, तर टेकण उंच करावं लागलं. पाठ वाकली, तर मागचा फोम उकलून कोरावा लागला. आज बसवलेलं माप पुढच्या महिन्यात चुकायचं. टाके उसवायचे, फोम कापायचा, पुन्हा शिवायचं. तो कधी कंटाळला नाही. एकदा फक्त उसवता उसवता आईला म्हणाला, "आई, आभाळच फाटलंय. मी कुठे कुठे ठिगळ लावू?" आजीने सुईत दोरा ओवून त्याच्या हातात दिला. तिला तेवढंच करता येत होतं.

नजर गेल्याचं बाईला आधी कळलं. ती म्हणाली, "आता पिशवी काढा." पिशवीतले तुकडे ते टिटवीच्या गालावर, तळहातावर, पायांवर फिरवायचे. मखमलीला चेहरा सैल पडायचा, गोणपाटाला आखडायचा. काही आठवडे हे चाललं. मग दोन्हींना सारखंच व्हायला लागलं.

"आता?" गादीवाल्याने विचारलं.

"आता आवाज."

आवाजात तिला शिलाई मशीन कळायचं. ते सुरू झालं की कण्हणं थांबायचं. काम असेल तेव्हा ठीक होतं. पण काम कमी झालं होतं, आणि तिला बरं वाटायला हवं होतं त्या वेळा काही गिऱ्हाइकांच्या सोयीने येत नव्हत्या. मशीन रिकामं चालवू नये, कापड पुढे सरकवणारं दातरं झिजतं, हे त्याला त्याच्या उस्तादाने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तरी तो दोरा न ओवता, कापड न घालता, रिकामंच चालवत बसायचा. पाय दुखले की बाई बसायची. ती सावकाश चालवायची, आणि टिटवीला तिचा वेग जास्त आवडायचा, असं निदान दोघांना वाटायचं.

मग एक दिवस मशीनच्या आवाजानेही काही झालं नाही. बाईने थांबवलं, पुन्हा सुरू केलं, जवळ ओढून सुरू केलं. टिटवीचा चेहरा होता तसाच राहिला.

गादीवाला म्हणाला, "आता याच्या खाली काय असतं?"

"याच्या खाली काही नसतं," बाई म्हणाली. "याच्या खाली नुसतं अंगाशी धरायचं असतं. ते कुणाला शिकवावं लागत नाही, म्हणून मी कधी पालकांना सांगितलं नाही."

ते त्यांनी केलं. आळीपाळीने केलं. आजीनेही केलं, तिच्या गुडघ्यांत ताकद नव्हती तरी. त्या हिवाळ्यात टिटवीच्या छातीत कफ झाला आणि तो हटलाच नाही. एका सकाळी, बाई चहा गाळत होती, गादीवाला टिटवीला अंगाशी धरून भिंतीला टेकला होता, आणि श्वास थांबला. त्याला लगेच कळलं, पण त्याने बाईला हाक मारली नाही. तिचा चहा गाळून होऊ दिला. काही न कळलेला तेवढाच वेळ तिचा होता.

भेटायला माणसं आली, बसली, गेली. जो तो एकच म्हणायचा. आजीही, रडून रडून घसा बसलेला, सुनेच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "सुटली ग बिचारी."

"कुणापासून सुटली, आई?" बाईने विचारलं.

आजीचा हात तिथेच थांबला. बाईच्या आवाजात राग नव्हता. तिने खरंच विचारलं होतं आणि उत्तराची वाट बघत होती. आजीने हात काढून घेतला आणि पुढे बरेच दिवस सुनेसमोर कमी बोलली.

गादीवाल्याने कामं घ्यायला सुरुवात केली. बाई त्याला कापड कापून द्यायची, उसवलेल्या सोफ्यातून लोकांची हरवलेली पेनं आणि कंगवे निघायचे ते एका डब्यात टाकायची. घरात कुणी आवाज चढवून बोलत नव्हतं, आणि कुणी हसतही नव्हतं. त्याला वाटायचं, हिचं हिच्या जागी जाणं बरं. शाळेत मुलं आहेत, गडबड आहे. इथे काय आहे, स्पंज आणि खिळे. त्याने एकदा सुचवलं, दोनदा सुचवलं. मोठ्या बाई स्वतः येऊन बसून गेल्या. शेवटी शाळा नव्याने सुरू झाली तेव्हा बाई तयार झाली. तिने साडी नेसली, पिन लावली, डबा घेतला. गादीवाला तिला गल्लीच्या वळणापर्यंत सोडायला गेला. परत येताना त्याला किती दिवसांनी हलकं वाटलं. त्याने मुद्दाम एक अवघड काम हाताशी घेतलं, पाठीला बटणं असलेली मोठी खुर्ची, आणि जेवणाआधी निम्मी उरकायची असं ठरवलं.

ती जेवणाआधीच परत आली. डबा तसाच भरलेला होता. चप्पल काढून ती त्याच्या समोर जमिनीवर बसली. त्याच्या दातांत छोटे खिळे धरलेले होते, एकेक काढून ठोकायला. त्याने नुसत्या भुवया उंच केल्या.

"एक मुलगी आहे नवीन," बाई म्हणाली. "कात्री धरायला घाबरायची म्हणे. आज तिने कागद सरळ कापला. पहिल्यांदाच. कापलेली पट्टी हातात घेऊन माझ्याकडे आली, दाखवायला."

तो ऐकत होता.

"मला शाबास म्हणता येईना. ती तशीच उभी राहिली, हात वर करून. तिला वाटलं मला दिसलं नाही, म्हणून तिने पट्टी अजून जवळ आणली."

"मग?" त्याने खिळे धरलेल्या दातांतून विचारलं.

"मग मोठ्या बाई आल्या आणि म्हणाल्या शाबास. मी डबा घेऊन निघाले." तिने खाली पडलेलं एक कातरण उचललं, बघितलं आणि पुन्हा खाली टाकलं. "परत नका पाठवू मला तिथे."

गादीवाल्याने खिळे काढून तळहातावर घेतले. आतून आजीने विचारलं, कोण आलं रे. त्याने सांगितलं, बाई आलीय. मग त्याने खिळे पुन्हा दातांत धरले आणि खुर्चीचं कापड ताणलं. बाईने उठून दुसरं टोक धरलं.